कागदावरचे चार तास

२१ सप्टेंबर २००३

प्रिय डोन्काताई,

अक्षर बिल्यानाचं आहे हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील. मी सांगतेय, ती लिहितेय. घाबरू नकोस. माझ्या उजव्या हाताला लागलंय, म्हणून तुझ्या लेकीला लिहायला बसवलं.

मंगळवारी कारखान्यात मिरच्यांचे देठ काढायच्या यंत्रात हात गेला. अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून गेलं, मधलं अर्धं. चार दिवस जिल्ह्याच्या इस्पितळात होते, काल घरी आले. डॉक्टर तरुण आहे पण हात चांगला चालतो त्याचा. म्हणाला, बाकीची तीन वाचली हे नशीब समजा. मी समजतेय.

बिल्यानानं धावत येऊन यंत्र बंद केलं. तीच गाडीत माझ्याबरोबर बसली. वाटभर माझा हात स्वतःच्या कोटात गुंडाळून धरला होता तिनं. तू पोरीला चांगलं वाढवलंयस, ताई. हे वाक्य ती लिहायला तयार नव्हती, मी लिहायला लावलं.

मालक स्वतः इस्पितळात येऊन गेला. केळी आणली, पीचच्या रसाच्या दोन बाटल्या आणल्या. म्हणाला, "वेला, बाकीचं सगळं मी बघतो. तू फक्त बरी हो." तेव्हा तू काळजी करू नकोस. लग्नानंतर पहिल्यांदाच नायडेन स्वयंपाक करतोय. काल घेवड्याचं सूप केलं, मीठच घातलं नाही. मी मुकाट्यानं प्यायले. चूक पकडलेल्या कुत्र्यासारखा तोंडाकडे बघत बसला होता बिचारा.

तिथं इटलीत तू सांभाळतेस ती म्हातारी कशी आहे? अजून रात्रीचं औषध थुंकते का?

तुझी,
वेला

आई, मी बिल्याना. मावशी ठीक आहे. मीही ठीक आहे. फोन करू नकोस. फोन शेजाऱ्यांच्या बैठकीत असतो, सगळे कान लावून बसतात.

*

बारी, २ ऑक्टोबर

वेला, अगं माझे बाई,

पत्र वाचलं आणि स्वयंपाकघरातच ओरडले. म्हातारी विचारायला लागली, कोण मेलं? म्हटलं, कुणी नाही, माझ्या मावसबहिणीची दोन बोटं गेली. तर ती हातातली माळ ओढत म्हणते, दोनच ना? हिला आणि रात्रंदिवस मी उचलून बसवते.

मी सहा वर्षं त्याच यंत्रावर उभी होते, हे तू विसरलीस की काय? माझ्या वेळी त्या फिरत्या पात्यावर लोखंडी झाकण होतं. बोट आत जायला वावच नव्हता. ते झाकण कुठे गेलं?

आता नीट ऐक. कामावर असताना हात गेला तर विम्याची भरपाई मिळते. ती काही मालकाची मेहेरबानी नाही. कराजोवच्या केळ्यांवर भुलू नकोस. केळी खा आणि कागद माग. अपघाताची नोंद त्यानं विमा कार्यालयात करायला हवी, ती केली का, एवढंच विचार. तू जन्माची भिडस्त. लहानपणी तुझ्या ताटातली बनित्सा मी उचलून खायचे, तरी तू काही बोलायची नाहीस. इथं तशी बसू नकोस.

आणि तुला कशाची चिंता? आपली बिल्याना ऑफिसात आहे. कुठला कागद कुठल्या टेबलावर जातो ते तिला बरोबर कळत असेल. आपलं माणूस आत बसलेलं असणं हे काय थोडं झालं? त्या नोकरीसाठी मी कराजोवच्या बायकोपुढे किती नाक घासलं होतं, ते आज कामाला आलं.

बसवाल्याच्या हाती मलम आणि लोकरीचा हातमोजा पाठवतेय. मोज्याची दोन बोटं मी स्वतः विणून बंद केली. विणताना रडले नाही, शिव्या घातल्या.

तुझी,
डोन्का

*

१५ ऑक्टोबर

प्रिय ताई,

हे माझं डाव्या हाताचं अक्षर. तीन दिवसांपासून लिहितेय. पहिल्या दिवशी नुसती तारीख झाली. बिल्यानाकडून लिहून घेता आलं असतं, पण या वेळी नको वाटलं.

मोजा छान बसला.

मी कागद मागितला, ताई. तू म्हणालीस म्हणून नायडेनचा चांगला कोट घालून ऑफिसात गेले. मालकानं बसायला खुर्ची दिली, कॉफी मागवली. आणि मग म्हणाला, "वेला, त्या दिवशी तू बाराला घरी गेली होतीस."

मी म्हटलं, "मी यंत्रावर होते, साहेब."

"हजेरीचं कार्ड काय म्हणतं? आत आठ वाजता, बाहेर बारा वाजून दोन मिनिटांनी. तुझा करार किती तासांचा?"

"चारचा."

"मग तीन वाजून वीस मिनिटांनी तू माझ्या कारखान्यात करत काय होतीस?"

"मिरच्या," मी म्हटलं.

त्याला हसूच आलं. मलाही येईल असं वाटलं, पण आलं नाही.

तुला वेगळं काय सांगायचं? आपण सगळ्याच कागदावर चार तासांच्या. बाराची घंटा झाली की आपली कार्डं टेबलावर ठोकली जातात, बाहेर गेल्याच्या वेळेचा शिक्का उठतो, म्हणजे आपण घरी गेलो. आणि आपण तिथंच उभ्या, संध्याकाळी सहापर्यंत. वरचे पैसे शुक्रवारी पाकिटात. कुणी कधी तक्रार केली नाही. मीही नाही. चार तासांच्या पगारात कोणाचं घर चालतं? झाकण जुलैतच काढून टाकलं. त्यानं हात अडतो, मिनिटाला दहा मिरच्या कमी निघतात म्हणून.

मग त्यानं एक कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलंय की दुपारी मी माझी मीच कारखान्यात आले, घरच्या बरण्यांसाठी टाकाऊ मिरच्या घ्यायला, आणि कोणी सांगितलेलं नसताना यंत्राला हात लावला.

"म्हणजे मी चोर?"

"चोर कोण म्हणतंय? मीच परवानगी दिली होती, असंही लिहिलंय बघ खाली. तूही चांगली, मीही चांगला."

सही केली तर दारावरच्या चौकीत बसायचं काम. शेगडी आहे, खुर्ची आहे, हिवाळ्यातही काम चालू. नाही केली तर वसंतात हंगामाला पुन्हा कामावर घेतात त्या यादीत माझं नाव नाही. म्हणाला, "अशा हाताला दुसरीकडे कोण ठेवणार, तू सांग." हे त्यानं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. अगदी मायेनं म्हणाला.

सही केली नाही. उजव्या हातानं करता येत नाही म्हटलं आणि उठून आले. पण ही सबब किती दिवस पुरणार? इकडे आड, तिकडे विहीर.

तुझी,
वेला

*

बारी, २५ ऑक्टोबर

वेला,

सही करशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील!

टाकाऊ मिरच्या! आमच्या कुळात कुणी दुसऱ्याच्या झाडाचा पडलेला आलुबुखारा उचलला नाही, आणि आता वेलानं मिरच्या चोरल्या असं कागदावर राहणार? उद्या लोक म्हणतील, चोरीच्या मिरच्यांनी बोटं खाल्ली.

बाई, सरळ जिल्ह्याला जा. विमा कार्यालय पोस्टाच्या मागे आहे, दुसरा मजला. मालकानं नोंद केली नाही तर जखमी माणूस स्वतः करू शकतो. मी इथल्या एका आपल्याकडच्या बाईला विचारलं, तिचा दीर त्यातलाच आहे. फक्त साक्षीदार लागतो. त्या हॉलमध्ये वीस बायका होत्या. फिदांका तुझ्या डाव्या हाताला उभी असते ना? तिच्या मुलाच्या लग्नात तू तीन दिवस भांडी घासलीस. तिला ने.

आणि मला एक सांग, ती कार्डं ठोकतं कोण? माझ्या वेळी एक विधवा म्हातारी होती, ती तर मेली. आता कोण आहे त्या टेबलावर? खरा चोर तिथं बसलाय. मालक काय, मालक लांडगाच. पण आपल्यातलंच कुणीतरी रोज बाराला वीस बायकांचे सहा-सहा तास आपल्या हातानं पुसतं, आणि घरी जाऊन त्याच हातानं भाकर मोडतं! झडो तो हात. ज्या आईनं असलं पोर वाढवलं तिच्याही डोळ्यांना ते दिसो. त्याला धर, वेला. त्याला धरलंस की मालक आपोआप हातात येतो.

बिल्यानाला विचार, तिला नाव माहीत असणारच. मी तिला दोनदा पत्र लिहिलं, उत्तर नाही. ऑफिसात काम फार असेल.

डोन्का

*

११ नोव्हेंबर

प्रिय ताई,

गेले होते जिल्ह्याला. कार्यालय आता तिसऱ्या मजल्यावर आहे. पेनेवा म्हणून बाई आहेत, चष्मा नाकाच्या टोकाला. मला वाटलं होतं हाकलून देतील. त्यांनी हात मोज्यातून काढायला लावला, बघितला, आणि पेन बाजूला ठेवलं.

मग म्हणाल्या, "हे बघा, मला तुमचं खरं वाटतं. पण मला वाटून उपयोग नाही. करार चार तासांचा आहे, कार्ड बाराचं आहे. तीन वाजता तुम्ही त्या यंत्रावर मालकाच्या सांगण्यावरून काम करत होतात, असं सांगणारं एक माणूस आणा. एकच पुरे."

एकच. ऐकायला किती सोपं वाटतं.

फिदांकाकडे गेले. तिनं मला आत घेतलं, भोपळ्याची बनित्सा वाढली, आणि माझं बोलणं व्हायच्या आतच रडायला लागली. "वेला, माझी सून वसंतापासून लागतेय. दोघींची नावं त्याच यादीत. मला विचारू नकोस गं. तू विचारलंस तर मला नाही म्हणावं लागेल, मग मी तुला तोंड कसं दाखवू?" मग मी विचारलंच नाही. खाल्लं आणि उठले. बाकीच्या रस्त्यात दिसल्या की दुकानात शिरतात. त्यांची चूक काय? मी त्यांच्या जागी असते तर कुठल्या दुकानात शिरले असते, याचाच विचार करते.

नायडेन म्हणतो, सही करून टाक. ओरडत नाही, नुसतं म्हणतो. सकाळी माझ्या वेण्या घालून देतो आता, त्याला तीन पदर जमत नाहीत, दोनाचा पीळ घालतो. पीळ घालताना म्हणतो, "चौकीत शेगडी आहे, वेला." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ओरडायचं कुणावर? सगळे मायेनंच बोलतात.

एक विनंती आहे, ताई. तू कार्डं ठोकणारीला जे शाप दिलेस ते मागं घे. तिला कुणी विचारून तिथं बसवलेलं नाही. टेबल मिळालं, टेबलाबरोबर ते कामही मिळालं. मालकानं सांगितलं, तिनं केलं. यंत्रावर आम्ही जे केलं तेच. चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लाव आणि ते शब्द परत घे. कशाला म्हणून विचारू नकोस.

बिल्याना रविवारी जेवायला येत नाही हल्ली. बरी आहे, लांबून बघते मी. बारीक झालीय.

वेला

*

बारी, २२ नोव्हेंबर

वेला,

"ठोकणारी" असं लिहिलंस तू.

तीन वेळा वाचलं. मग खाली जाऊन टपरीवरून शेजाऱ्यांकडे फोन लावला. ऐकू देत कोणाला ऐकायचं ते. बिल्याना आली. मी एवढंच विचारलं, "तुझ्या टेबलावर कार्डांचं यंत्र आहे का गं?"  पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. म्हणाली, "आई, मला वाटलं तुला माहीत आहे."

आणि वेला, खोटं कशाला बोलू, मला माहीत होतं. सहा वर्षं मी माझं कार्ड त्या टेबलावर ठेवलंय. त्या टेबलावर दुसरं काय काम चालतं? पण माझी मुलगी स्वच्छ कोट घालून बसते, तिच्या नखांत मिरचीचं बी नाही, एवढंच मी स्वतःला सांगत आले. तिला काय करावं लागतं ते मी कधी विचारलं नाही. उत्तर ठाऊक होतं म्हणूनच विचारलं नाही.

मालकानं तिला सांगितलंय, खोटी कार्डं ठोकणं हा गुन्हा आहे आणि हात तिचा आहे. पोलीस आले तर आधी तिला नेतील. ती बावीस वर्षांची आहे. मी इथं परक्या म्हातारीचे पाय धुतेय ते कुणासाठी?

आपलेच दात, आपलेच ओठ. आता मी काय लिहिणार आहे ते तुला कळलंच असेल. सही कर, वेला. मिरच्या तर मिरच्या. चार दिवस लोक बोलतील आणि विसरतील. चौकीत बस, शेगडीशी बस. दर महिन्याला मी इथून काहीतरी पाठवीन. बोटं तर परत येणार नाहीत ना?

मी मागच्या वेळी मेलेलं तोंड वगैरे लिहिलं, ते फाडून टाक.

डोन्का

*

९ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र नायडेनला वाचायला दिलं. तो म्हणाला, "बघ, आता डोन्काही तेच म्हणते." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की खोलीला दारच नाही. सगळ्यांची माया माझ्यावर, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, की तो दिवस झालाच नाही असं मी लिहून द्यावं. पैसे पाठवीन म्हणालीस ते मनाला लागलं. आणि बोटं परत येणार नाहीत म्हणालीस तेही. मला ते रोज सकाळी बटण लावताना कळतं.

तरी मी सही करणार होते. हे तुला कळावं म्हणून लिहितेय. निकोलाच्या सणानंतर सोमवारी जाऊन करणार, असं नायडेनला सांगितलंही होतं. तुझ्यासाठी नाही, त्याच्यासाठीही नाही. पोर माझ्या हाताला कोट गुंडाळून चाळीस किलोमीटर बसली होती, तिच्यासाठी.

सणाच्या दिवशी दुपारी मासा भट्टीत होता आणि ती आली. दारातच उभी राहिली. मी म्हटलं, "आत ये, मासा वाळतोय." तर म्हणाली, "मावशी, मी काल जिल्ह्याला जाऊन आले."

"कशाला?"

"पेनेवाबाईंकडे. सगळं सांगितलं. कार्डं मी ठोकते ते सांगितलं. यंत्र मी बंद केलं ते सांगितलं. झाकण कुणी काढायला लावलं, कुठल्या महिन्यात, तेही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली."

मी पळी खाली ठेवली. म्हटलं, "वेडे, तुझ्या आईनं..."

"आईचं पत्र मलाही आलं," ती म्हणाली. "मावशी, अडीच महिने मी रोज बाराला कार्डं ठोकत होते. तुझं कार्ड अजून खणात आहे. रोज सगळी काढताना तेही हाताला लागतं. मला ते करता येईना. बस्स. यात काही शूरपणा नाही, मला झोप येत नव्हती."

मी तिला विचारलं, पोलिसांचं काय? पेनेवाबाईंनी तिला सांगितलं की त्या लिहितील, नोकर माणसानं हुकुमानं केलं. पुढं काय होईल ते त्यांच्या हातात नाही.  नायडेन उठला, तिला खुर्ची दिली आणि माशाचा मधला तुकडा तिच्या ताटात घातला.

काल सकाळी मालकानं तिला फाटकातूनच परत पाठवलं. ऑफिसचा कोट मात्र काढून घेतला.

तुझ्या मुलीला मी सांगितलं नव्हतं, ताई. शपथ घेऊन लिहितेय. तू रागावशील. रागाव, पण उत्तर दे.

वेला

*

१७ एप्रिल २००४

प्रिय ताई,

चार महिने झाले, तुझी एक ओळ नाही. दोन पत्रं मी पाठवली, ती पोचली हे बसवाल्यानं सांगितलं. हे तिसरं बिल्यानाच्याच हाती देतेय, म्हणजे तुला घ्यावंच लागेल. ती परवाच्या बसनं तुझ्याकडे निघतेय. इथं तिला कोणी काम देत नाही. बेकरीवाला म्हणाला, "पोरगी चांगली आहे, पण सांगून टाकणारी आहे." पोलीस आले नाहीत. एकदा बोलावणं आलं, तासभर बसवून सोडलं.

माझा निकाल ईस्टरच्या आधी लागला. पेनेवाबाईंनी स्वतः वाचून दाखवला. अपघात कामावरचाच, असं मान्य झालं. मालकाला दंड झाला. मी म्हटलं, देवाची कृपा. त्या चष्मा काढून पुसायला लागल्या. म्हणाल्या, "थांबा, अजून संपलं नाही. भरपाई पगारावर ठरते. आणि विमा तुमच्या चार तासांच्या पगारावरच भरलेला आहे."

"पण मी दहा तास काम करत होते. हे तुम्हीच आता वाचलंत."

"वाचलं. पण आकडा भरलेल्यावरच निघतो. उरलेल्या सहा तासांसाठी कोर्टात जावं लागेल. दोन-तीन वर्षं लागतील, आणि मागच्या सगळ्या महिन्यांसाठी साक्षीदार लागतील. आणाल?"

मी खाली रस्त्यावर आले तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. हात अख्खा कामावर होता, ताई, आणि भरपाई अर्ध्याहून कमी हाताची. त्यातून औषधं होतात आणि लाकडं होतात. कोर्टात मी जाणार नाही. माझ्याकडे साक्षीदार नाहीत आणि जी एक होती तिची नोकरी गेली.

गावाचं सांगते. दंड झाल्यापासून मालक बायकांना खरोखरच बाराला घरी पाठवतो. चारच तास, अगदी कागदाप्रमाणे. शुक्रवारची पाकिटं बंद. पालकाचा हंगाम सुरू झालाय आणि घराघरात रड आहे. ब्रेडच्या दुकानात मी गेले की बोलणं थांबतं. एक जण मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "काही लोकांची दोन बोटं गेली, आमचा तर घासच गेला." मी ब्रेड घेतला आणि आले.  तिचं खरंच आहे. मला ठाऊक होतं काय होईल, आणि तरी मी कार्यालयाचा जिना चढलेच ना?

नायडेनला मात्र कधी नव्हे ते बोलायला झालंय. कुणी काही म्हटलं की म्हणतो, "माझी बायको मिरच्या चोरायला गेली नव्हती." एवढं एकच वाक्य. पण दारूच्या दुकानातही म्हणतो आणि चर्चच्या अंगणातही म्हणतो.

काल फिदांका आली होती. दारातून आत आली नाही. रंगवलेली दोन अंडी रुमालात आणली होती, सण संपून पाच दिवस झाले तरी. म्हणाली, "माझी सून आता तुझ्या यंत्रावर उभी राहते. झाकण बसवलंय त्यावर." मी म्हटलं, "बरं झालं." तर म्हणाली, "त्यानं काम हळू होतं. बायका तुला शिव्या देतात." आणि थोडं थांबून, "मीही देते," म्हणाली. अंडी माझ्या हातात ठेवली आणि गेली.

बिल्याना निघताना तिला काय सांगू ते सुचत नाही. ती सारखी विचारते, "मावशी, मी बरोबर केलं ना?" मी दरवेळी म्हणते, "हो." मग ती बाहेर जाते आणि मी खिडकीशी बसून राहते. हो म्हणणं सोपं असतं असं मला आधी वाटायचं.

तिला ओरडू नकोस. फार बारीक झालीय.

तुझी,
वेला

*

बारी, २ मे

वेला,

पोरगी पोचली. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. वाढलं, अंथरूण घातलं, पण बोलले नाही. ती म्हातारीशी बोलत बसली. म्हातारीला तिची भाषा येत नाही, हिला म्हातारीची येत नाही, दोघी तासन्‌तास बोलतात.

तिसऱ्या दिवशी भांडी घासताना ती म्हणाली, "आई, तू सहा वर्षं तिथं उभी होतीस. तुझा हात गेला असता तर कार्ड ठोकणाऱ्या म्हातारीनं खरं सांगितलं असतं का?"

मी म्हटलं, "ती सांगणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून तर मी हात सांभाळून काम करायचे."

"मावशीही सांभाळूनच करायची," ती म्हणाली.

 पाणी तसंच वाहत राहिलं. मग मी तिला जवळ घेतलं. फार दिवसांनी. खरंच बारीक झालीय, तू लिहिलंस ती अतिशयोक्ती नव्हती. इथं तिला काम शोधतेय. जे मिळेल ते माझ्यासारखंच असेल, म्हणजे कुणाच्या तरी घरात बंद. त्याहून बरं माझ्याकडे तिला द्यायला काही नाही. गाव सुटलं म्हणजे सुटका झाली, असं तिला अजून वाटतंय. वाटू दे काही दिवस.

तुझी पत्रं सगळी पोचली. उत्तर दिलं नाही कारण रागाचं नाटक करणं मला सोपं जात होतं. राग तुझ्यावर नव्हता. बिल्यानावरही नव्हता.

मी चार वेळा "माफ कर" असं लिहिलं आणि चार कागद फाडले. तो शब्द लिहिला की तू लगेच माफ करशील, तुझा स्वभावच तो, आणि मग मी सुटेन. तेव्हा तो लिहीत नाही. त्याऐवजी दुसरं लिहिते. बावीस नोव्हेंबरला तुला "सही कर" म्हणणारी मी होते. मालकानं भाग पाडलं नव्हतं, कुणी जवळ उभं नव्हतं. तुझा हात कुठे गेला आणि किती वाजता गेला हे मला नीट ठाऊक असताना, मी माझ्या मनानं ते लिहिलं. ते पत्र फाडू नकोस. ठेव.

या पत्राला लगेच उत्तर देऊ नकोस.

डोन्का